लाल म्हणून घातलेला कोट

दोऱ्यांच्या त्या दुकानात वहिनीचा शब्द शेवटचा मानला जाई.

दुकान अरुंद पण खोल होतं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण आणि प्रत्येक खणात रिळं, फिकटाकडून गडदाकडे लावलेली. शिंपी यायचे, कापडाचा तुकडा काउंटरवर ठेवायचे. वहिनी तो उचलून आधी दाराशी जायची. आत ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेरच्या उजेडात उघडा पडतो, हे तिने नोकरीच्या पहिल्याच महिन्यात अनुभवलं होतं. दाराशी उभी राहून ती तुकडा इकडून तिकडून बघे, आत येई आणि नेमकं एक रीळ काढून ठेवी. तेही कापडाहून किंचित गडद. रिळावर दोरा गर्दीत असतो म्हणून भरलेला दिसतो, कापडावर एकटा पडला की फिका वाटायला लागतो.

"मी बायकोच्या स्वयंपाकात मीठ बघून घेतो," म्हातारा शिंपी म्हणायचा, "पण वहिनींनी काढलेला दोरा परत बघत नाही."

तिला सगळे वहिनीच म्हणत, दुकानाचे मालकसुद्धा. त्याचं कारण तिची नणंद. दर दुपारी दुकानात फोन यायचा, "वहिनी आहे का?" आणि मालक आत ओरडायचे, "वहिनी, फोन." असं होता होता तिचं खरं नाव दुकानात कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

अशा या बाईने बावीस वर्षं एका माणसाला चुकीचा रंग सांगितला होता, आणि तो रोज फोन करणाऱ्या त्याच नणंदेला.

नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, पण वयाने वहिनीपेक्षा तीन वर्षांनी मोठी. वहिनी तिला वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची. वन्संना जन्मापासून दिसत नव्हतं. उजेड आणि अंधार यांतला फरकसुद्धा कळत नव्हता. खुर्च्यांच्या कारखान्यात त्या वेताची बैठक विणायचं काम करत. तिथे आठ विणकर होते, सगळेच अंध. बघू शकणारे एकटे मास्तर, आणि त्यांना वेत सोडून दुसऱ्या विषयावर बोलता येत नसे. वन्संची बोटं दोरखंडासारखी टणक झाली होती, पण त्याच बोटांनी त्या बटाट्याची साल अशी पातळ काढायच्या की वहिनीने लाजावं.

लग्नानंतर पंधरा दिवसांनीच वन्संनी वहिनीला विचारलं होतं, "दुकानात तू नक्की करतेस काय?"

"रंग जुळवते."

"जुळवते म्हणजे? लाल म्हणजे लाल. त्यात जुळवायचं काय?"

"आमच्याकडे लालच छत्तीस आहेत."

वन्संनी हातातला कप खाली ठेवला. "छत्तीस? मला आजवर सगळ्यांनी एकच सांगितला."

मग त्यांनी आपलं जुनं गाऱ्हाणं काढलं. "लहानपणी मला सांगायचे, आकाश निळं असतं. आकाशाला मी कधी हात लावलाय? मग म्हणायचे, गवत हिरवं. बरं. मिरचीही हिरवी. आणि शेवाळही हिरवंच. एकाने पायाला गुदगुल्या होतात, एकाने जीभ भाजते आणि एकावरून मी आपटले. आता तूच सांग, या तिघांत सारखं काय आहे?"

पुढचे दोन दिवस खण लावताना वहिनी तोच विचार करत होती. रंगाला वस्तू जोडून दिली की वन्सं त्या वस्तूकडे जातात आणि रंग मागेच राहतो, हे तिच्या ध्यानात आलं. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "वन्सं, रंग हा हात लावायच्या आधी कळतो. माणूस खोलीच्या त्या टोकाला असलं तरी त्याचा आवाज आपल्यापर्यंत येतो की नाही? तसा."

"म्हणजे तुम्ही सगळी दिवसभर गोंगाटात असता?"

"असतो. सवय होते."

"अरेरे," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांना खरंच कीव आली होती.

तिथून त्यांचा खेळ सुरू झाला. फिकट निळा म्हणजे शेजारच्या खोलीत कोणीतरी आपल्याच नादात गुणगुणतंय, तुमच्यासाठी नाही. पिवळा म्हणजे शाळा सुटली. पांढरा म्हणजे पंखा बंद पडल्यावर जे ऐकू येतं ते. वन्सं दर वेळी परीक्षा घ्यायच्या, पटलं नाही तर परत पाठवायच्या. जांभळा तीनदा परत आला होता.

"आणि लाल?" एकदा त्यांनी विचारलं.

"चारजण हळू आवाजात बोलत बसलेत. तेवढ्यात कोणीतरी खणखणीत हाक मारतं. रागाने नाही. पण सगळ्यांच्या माना वळतात."

वन्सं म्हणाल्या, "मी कुठे गेले की लोकांचे आवाज खाली जातात. दुकानात, बसमध्ये, कुठेही. जणू घरात कोणी आजारी आहे." मग त्या म्हणाल्या, "यंदा माझा कोट शिवायचाय ना? मला लाल हवा."

आतापर्यंत त्यांनी आईचे जुने कोट आखूड करून वापरले होते. हा त्यांच्या स्वतःच्या कमाईचा पहिला कोट होता. कापड आणायला मात्र सासूबाई गेल्या. त्या आल्या तेव्हा पिशवीत जाड, उबदार, उत्तम प्रतीचं लोकरी कापड होतं. गडद तपकिरी.

वहिनी स्वयंपाकघरात होती. सासूबाई आत आल्या आणि ओट्याला टेकून हळूच म्हणाल्या, "लाल घालून ही रस्त्याने जाईल, येणारा-जाणारा वळून बघेल, आणि हिला कळणारसुद्धा नाही कोण बघतंय आणि कसं बघतंय. मी आई आहे गं. माझा जीव टांगणीला लागेल." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दुष्ट बाई नव्हत्या.

दोघी बाहेर आल्या तेव्हा वन्संनी कापड गालाला लावून बघितलं होतं. "लाल आहे ना?"

वहिनीचा नवरा खोकला आणि त्याने वर्तमानपत्र उघडलं. अडचणीत सापडला की खोकायची त्याची सवय होती. सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. पण वन्संनी त्या दोघांना विचारलंच नव्हतं.

"वहिनी, तू सांग. तुला कळतं."

वहिनीला त्या घरात येऊन चार महिने झाले होते. "हो," ती म्हणाली.

"छत्तीसांतला कितवा?"

"एकोणतिसावा," वहिनी म्हणाली. "गडदाकडचा."

नंतर पुष्कळदा तिने या दोन उत्तरांचा विचार केला. 'हो' हे सासूबाईंचं खोटं होतं, ते फक्त तिच्या तोंडातून बाहेर पडलं. 'एकोणतिसावा' हे तिचं स्वतःचं होतं.

कोट शिवून आला. वन्संनी तो अंगात घातला आणि त्यांची चाल बदलली. आधी त्या भिंतीच्या कडेने, खांदे आवळून चालत. कोट घातला की पदपथाच्या मधून चालायच्या, हनुवटी वर करून. त्यांच्या मते त्या रस्त्याने हाका मारत चालल्या होत्या. प्रत्यक्षात कोणाची मान वळत नसे.

बावीस हिवाळ्यांत कोणी कसं बोललं नाही, असं कोणालाही वाटेल. पण अंध माणसाशी रंगांबद्दल कोणी बोलतच नाही. त्याला वाईट वाटेल अशी लोकांची समजूत असते. कारखान्यात तर सांगणारं कोणी नव्हतंच. एकदाच काय ते बिंग फुटायची वेळ आली होती. वहिनी आणि वन्सं बसमध्ये दाराजवळ उभ्या होत्या आणि कंडक्टर ओरडला, "ओ तपकिरी कोटवाल्या बाई, पुढे सरका."

कोणी हललं नाही. त्याने पुन्हा तेच म्हटलं. तेव्हा वन्संच मोठ्याने म्हणाल्या, "सरका की हो बाई, सगळे खोळंबलेत."

वहिनीने त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना हळूच पुढे नेलं. पुढच्या थांब्यावर वन्सं तिच्या कानाशी म्हणाल्या, "काय पण बायका असतात, नाही? ढिम्म हलत नाहीत." वहिनी 'हो' म्हणाली. त्या आठवड्यात तिने कोटाची पाचही बटणं काढली आणि खणातून एकोणतीस नंबरचं रीळ काढून लाल दोऱ्याने परत शिवली. तेव्हापासून दर हिवाळ्याच्या तोंडाशी ती बटणं घट्ट करायच्या निमित्ताने तेच करत आली. कोटात लाल म्हणून एवढंच होतं.

सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. त्या गेल्यावर सांगता आलं असतं. पण आधी दुःखाचे दिवस होते, मग म्हटलं थंडी संपू दे, आणि मग वर्षं अशी भराभर गेली की सांगायचं तर एवढे दिवस का नाही सांगितलं, हेच मोठं होऊन बसलं.

यंदा थंडी सुरू होताना, एका मंगळवारी, वन्सं कारखान्यातून आल्या त्या हसतच.

"वहिनी, तुला आता सुट्टी. मास्तरांनी रंग सांगणारं यंत्र आणलंय. साबणाच्या डबीएवढं आहे. कापडाला टेकवायचं, बटण दाबायचं, आत एक बाई आहे ती सांगते. एकेक दिवस प्रत्येकाला घरी न्यायला मिळणार. मला शनिवार. अर्धा दिवस असतो ना, दुपारभर घर पालथं घालू."

वहिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. "छान," ती म्हणाली.

कोट दाराच्या मागे खुंटीला होता.

बुधवारी तिने ठरवलं, बसथांब्यापर्यंत सोडायला जाताना सांगायचं. थांब्यावर पोचल्या, बस आली, वन्सं चढल्या. गुरुवारी वन्संना सर्दी झाली होती. आजारी माणसाला कशाला, असं वहिनीने स्वतःला सांगितलं, आणि सांगताना तिला तिचाच राग आला. शुक्रवारी सकाळी तिने नवऱ्यापाशी विषय काढला.

"त्यात काय एवढं," तो म्हणाला. "यंत्र आहे, चुकतं म्हणायचं. उजेड कमी पडला म्हणायचं. तुझंच ऐकेल ती."

हे वहिनीला मंगळवारीच सुचलं होतं. तेव्हा ते इतकं वाईट वाटलं नव्हतं. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला शिसारी आली.

"कापड तुमच्या आईने आणलं, खोकलात तुम्ही, आणि खोटं मात्र मी बोलले," ती म्हणाली.

तो खोकला.

शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास वन्सं आल्या. जेवणही त्यांनी उभ्याउभ्याच उरकलं. मग डबी हातात घेऊन घरभर निघाल्या. वहिनीला मागे यायची आज्ञा होती.

"पडदा. तू म्हणाली होतीस फिकट निळा." बटण दाबलं. डबीतली बाई घशात काही अडकल्यासारख्या आवाजात म्हणाली, "फिकट. निळा."

"वहिनी बरोबर," वन्संनी जाहीर केलं.

टेबलावरचा रुमाल, बादली, भिंत, वहिनीच्या चपला, चहाचे कप. वन्सं आधी वहिनीचा रंग सांगायच्या, मग बाईला विचारायच्या. "वहिनी बरोबर. वहिनी बरोबर. दरवाजा हिरवट राखाडी म्हणाली होतीस, ही बाई नुसता राखाडी म्हणतेय. हिला हिरवट कळत नाही, वहिनी वरचढ." त्यांनी डबी स्वतःच्या केसांना लावली. बाई म्हणाली, "राखाडी."

वन्सं थबकल्या. "माझे केस पिकले? केव्हा?"

"चारेक वर्षं झाली."

"सांगितलं नाहीस ते."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारायचं कसं असतं गं, केस पिकले का म्हणून," वन्सं म्हणाल्या, पण हसत होत्या. भावाच्या गालाला डबी लावली तर बाई म्हणाली, "रंग ओळखता आला नाही." त्यावर वन्संना इतकं हसू आलं की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. तोही हसला. वहिनी मोजत होती. चौदा वस्तू झाल्या होत्या आणि चौदाही बरोबर.

मग वन्सं उठल्या आणि दाराशी गेल्या. हात खुंटीवर गेला. कोट काढून त्यांनी बाहीवर डबी टेकवली. "एकोणतिसावा लाल," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

"गडद. तपकिरी."

नवरा खोकला नाही.

वन्संनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. "ट्यूबलाइट लावलाय का?" त्यांनी विचारलं. "तू म्हणतेस ना, आतल्या उजेडात फसतं. दाराशी नेऊन बघू." त्यांनी दार उघडलं, कोट बाहेरच्या उन्हात धरला, आणि कॉलरवर डबी टेकवली.

"गडद. तपकिरी."

"बघ," वन्सं म्हणाल्या. "दरवाज्याचं हिरवट पण कळलं नव्हतं हिला. सोमवारी मास्तरांना सांगते, तुमच्या बाईची नजर कच्ची आहे. लालातलं काही समजत नाही." आणि त्या कोट परत खुंटीला लावायला वळल्या.

काहीही बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं असतं तरी पुढची वीस वर्षं निघाली असती. वहिनीला ते स्पष्ट दिसत होतं.

"वन्सं," ती म्हणाली. "यंत्र बरोबर आहे."

"म्हणजे?"

"कोट तपकिरी आहे. पहिल्यापासून तपकिरीच होता. लाल नव्हता."

वन्संचा हात खुंटीपाशीच थांबला. त्यांनी विचारलं, "आई?"

"कापड त्यांनी आणलं. तुम्हाला मी सांगितलं."

"दादाला माहीत होतं?"

आता तो खोकला. "कळलं," वन्सं म्हणाल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उमटत गेलं. "बसमध्ये ती बाई. ढिम्म न हलणारी. ती मी होते."

"हो."

"आणि तू मला हाताने सरकवलंस."

"हो."

वन्संनी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं वहिनीला वाटलं.

रविवार तसाच गेला. सोमवारी कडाक्याची थंडी होती. वन्सं दोन स्वेटर एकावर एक घालून कामाला गेल्या, कोट खुर्चीवरच राहिला. अबोला नव्हता. मीठ दे, किल्ली कुठे आहे, एवढं बोलणं होत होतं. पण जे त्या वहिनीला विचारायच्या ते आता भावाला विचारू लागल्या होत्या. "दादा, बाहेर आभाळ आलंय का?" "दादा, या ब्लाऊजवर डाग दिसतोय का?" दादाला यांतलं काही कळत नसे. तो वहिनीकडे बघायचा, वहिनी मान हलवायची, आणि तो उत्तर द्यायचा. मंगळवारी वन्संच्या हेही लक्षात आलं. "तिला विचारून सांगू नकोस," त्या म्हणाल्या.

दुपारचा फोन बंद झाला. मालकांनी दोनदा फोन उचलून तो चालू आहे ना ते बघितलं. वहिनी एका राखाडी तुकड्यासाठी तिसऱ्यांदा दाराशी गेली तेव्हा म्हातारा शिंपी म्हणाला, "आज काय वहिनी, रंगावरचा विश्वास उडाला?"

"रंगावरचा नाही," ती म्हणाली.

बुधवारी दुपारी एकच्या सुमारास दुकानाच्या पायरीवर काठीचा आवाज आला. वन्सं होत्या. हातावर तो कोट घडी करून घेतलेला. कारखान्यातून आजवर त्या कधी मधल्या सुट्टीत आल्या नव्हत्या. मालकांनी स्टूल पुढे केलं आणि शहाणपणा करून ते चहा प्यायला बाहेर निघून गेले.

वन्सं बसल्या. कोट मांडीवर ठेवला.

"मी चार दिवस विचार केला," त्या म्हणाल्या. "आईचं मला समजतं. तिला भीती वाटायची. दादा तर दादाच आहे. पण तुला मी मुद्दाम विचारलं होतं. तुला कळतं म्हणून."

"हो."

"रडू नकोस. मला ऐकू येतं." वहिनीने नाक पुसलं. "बावीस वर्षं मी जो रंग घालून हिंडले, तो काय होता ते मला माहीत नाही. लाल मला पाठ आहे. तपकिरी तू कधी सांगितलाच नाहीस. का, ते आता कळलं. सांग."

वहिनीने तपकिरीचे खण बघितले. बावीस होते. त्या खणांवरून तिने नजर फिरवली, मग कोटाला हात लावला. घाई केली नाही. दाराशीही गेली नाही, कारण हा रंग तिला पाठ होता.

"जेवणं झालीत," ती म्हणाली. "सगळी बसून आहेत. कोणी काही बोलत नाही. कोणी हाक मारत नाही, गुणगुणत नाही. पण खोली रिकामी नाही. माणूस आहे, हे तुम्हाला कळतं. त्याचा श्वास, खुर्ची जराशी करकरते, एवढंच. तो असला तर लक्षात येत नाही, उठून गेला तर येतं."

वन्संनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आपला दादा."

वहिनीला हसू फुटलं. रडू आणि हसू एकदमच आलं आणि तिची फार तारांबळ झाली. वन्सं हसल्या नाहीत, पण त्यांचे खांदे सैल झाले.

"वाईट रंग नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. चांगला आहे."

"पण मी मागितला नव्हता."

"नाही."

वन्संची बोटं कोटाच्या बटणांवरून फिरत होती. "यात लाल काहीच नव्हतं?"

"बटणांचा दोरा," वहिनी म्हणाली. "मीच शिवते दर वर्षी. एकोणतीस नंबरने."

वन्संनी बटणामागचा दोरा नखाने चाचपला. "ही तू स्वतःची समजूत घालत होतीस," त्या म्हणाल्या. "माझी नव्हे."

तेही खरंच होतं.

"चल," वन्सं उठल्या. "कापडाचं दुकान जवळच आहे ना? माझी सुट्टी अजून पाऊण तास आहे."

कापडाच्या दुकानात वहिनीने लोकरीचे लाल तागे काढायला लावले. वन्संनी पोत बघून एक बाजूला घेतला. मग वहिनीला काही न विचारता त्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे वळल्या. "बाई, जरा बघता का? हे कापड कोणत्या रंगाचं आहे?"

बाई गोंधळल्या. त्यांनी वहिनीकडे बघितलं. वहिनी ताग्यांकडे बघत राहिली. "लाल," बाई म्हणाल्या.

वन्संनी आणखी एका गिऱ्हाइकाला विचारलं. तो म्हणाला, "लाल. मरून म्हणा हवं तर." मरून मुळीच नव्हता, वहिनीच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने ते गिळलं. मग गल्ल्यावरच्या माणसाला. "लालच की," तो म्हणाला. तिघं झाले. दुकानातले सगळे आता त्या दोघींकडे बघत होते. वहिनीचे कान तापले होते. पण ही वेळ आपली नाही, हे तिला समजत होतं. ती उभी राहिली.

"आता तू सांग," वन्सं म्हणाल्या. "एकोणतिसावा आहे का?"

वहिनीने कापड उचललं, दाराशी नेलं, उजेडात उलटसुलट करून बघितलं आणि परत आणलं.

"नाही," ती म्हणाली. "एकतिसावा आहे. दोन घरं गडद. एकोणतिसावा यांच्याकडे नाही."

वन्संनी कापडावरून पुन्हा हात फिरवला. "एकतीस कसा आहे?"

"हाकच आहे. पण जराशी घशातून."

"घेऊ," वन्सं म्हणाल्या.

कोट म्हाताऱ्या शिंप्याने शिवला. दोरा वहिनीने काढला, बत्तीस नंबरचा. आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, दोघी बसथांब्याकडे निघाल्या. जुना कोट वन्संनी टाकला नाही. कारखान्यात वेताच्या कुसळांत तोच बरा, असं त्यांनी ठरवलं होतं. त्याची बटणं मात्र तपकिरी दोऱ्याने शिवून घेतली होती.

वन्सं पदपथाच्या मधून चालत होत्या. थांब्याजवळ त्यांनी पावलं सावकाश टाकली. मग म्हणाल्या, "किती?"

वहिनीला कळलं. ती घरापासून मोजत होती. "दोन."

"दोनच?"

"तिसऱ्याची मान वळली होती, पण तो बस बघत होता."

"आणि ते दोन कसे बघत होते?"

"एक बाई होती. तिला कोट आवडला असावा, जरा हसली. दुसरा माणूस आधी काठीकडे बघत होता, मग कोटाकडे, मग पुन्हा काठीकडे."

वन्संनी मान हलवली. हे उत्तर त्यांनी परत पाठवलं नाही. बस आली. दोघी चढल्या आणि गर्दीमुळे दाराशीच उभ्या राहिल्या. मागून माणसं चढत होती. कंडक्टरने आवाज चढवला, "ओ लाल कोटवाल्या बाई, पुढे सरका."

वहिनीचा हात सवयीने वन्संच्या पाठीकडे गेला. तिने तो वाटेतच मागे घेतला.

वन्सं हलल्या नाहीत. हनुवटी वर करून शांतपणे उभ्या होत्या. त्यांना ऐकू आलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून ते दिसत होतं.

"ओ बाई, लाल कोटवाल्या," कंडक्टर पुन्हा ओरडला, या वेळी जोरात, आणि अर्ध्या बसने वळून बघितलं.

"हो, हो, सरकते की," वन्सं म्हणाल्या, आणि सावकाश पुढे सरकल्या.